माडगं, मिलो आणि चिलापी

आमच्या लहानपणी घरात चपात्या लाटल्या जाऊ लागल्या की शेजारीण विचारायची, "पाव्हणं कोण आलंय?" बारामती-इंदापूरच्या जिरायती पट्ट्यात गहू सणाचा, भात आजाऱ्याचा आणि बाजरी रोजची. आता आमची नातवंडं रोज चपाती खातात आणि डॉक्टर आम्हाला बाजरी खायला सांगतात. 2023 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शाळेत जी भाकरी आम्ही डब्याच्या झाकणाआड लपवून खाल्ली, तिचा अख्ख्या जगाने सत्कार केला. आम्ही मात्र सत्काराच्या वेळी दाताचा विचार करत होतो.

तसं पाहिलं तर इथे एका तालुक्यात दोन स्वयंपाकघरं नांदत. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला. त्याच्या पाण्याखालच्या घरांत पुढे ऊस आला, गुऱ्हाळ आलं, भाकरीबरोबर काकवी आली. पाणी न पोचलेल्या घरांत हुलगा, मटकी आणि आभाळाकडे बघणं. हुलग्याचं माडगं, हुलग्याचे शेंगोळे, हुलग्याचं पिठलं, हुलग्याची उसळ. आज आम्ही याला पाककौशल्य म्हणतो. तेव्हा आम्ही याला "आज परत हुलगंच?" असं म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो.

1972 च्या दुष्काळात तेवढंही उरलं नाही. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो आली; तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि घशाखाली उतरायला पाणी मागायची. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. त्या सुकडीची आठवण निघाली की आमच्यातले काही जण आजही हळवे होतात. ती चव भुकेची होती, सुकडीची नव्हे. पण हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

सणांचं वेगळं. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. होळीला पोळी आणि कटाची आमटी, जी दुसऱ्या दिवशी शिळी जास्त चांगली लागते. एवढ्याशा पोळीसाठी वर्षभर वाट पाहायची. आता पुरणपोळी दुकानात बारा महिने मिळते, पाकिटात, हवी तेव्हा. वाट पाहणं संपलं हे चांगलंच झालं. मात्र पोळी सणाची राहिली नाही, आणि सण सुट्टीचा झाला.

आम्हाला सगळ्यात जास्त आठवतं ते कुरडयांचं. उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजत पडायचे, मग वाटून त्यांचा चीक काढायचा. पहाटे चुलीवर मोठ्या पातेल्यात तो शिजायला लागला की आळीतल्या चार-पाच बायका सोऱ्या घेऊन अंगणात हजर. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. आम्हाला वाटीभर गरम चीक मिळायचा, तूप-साखर घातलेला, आणि त्या बदल्यात दिवसभर कावळे आणि कोंबड्या हाकलायच्या. अर्धवट वाळलेली कुरडई मोडून खाणं हा राखणदाराचा हक्क होता. कावळ्याचं नाव बद्दू व्हायचं.

आता कुरडया बचत गटाकडून किलोवर येतात. आमच्या घरच्यापेक्षा पांढऱ्या असतात, कमी मोडतात, आणि त्यांचे पैसे करणाऱ्या बाईच्या हातात पडतात, जे आमच्या आळीत कधीच घडलं नाही. तक्रारीला जागाच नाही. तरी ताटात कुरडई फुलून आली की वाटतं, हिचा चीक कुणी खाल्ला असेल?

शेजारून भरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, अशी रीत होती. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून. ही रीत आम्ही फार कौतुकाने सांगतो. कुठल्या घरची वाटी कुठल्या घरात चालते हे जातीवर ठरायचं, ते मात्र सांगताना गाळतो.

इंदापूरची तर आणखी गंमत. पूर्वी इथल्या बहुतेक घरांना मासा माहीत होता तो आठवडे बाजारातला सुका बोंबील नाहीतर सुकट. 1980 च्या सुमारास उजनी धरण झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी ओसरलं की वर दिसतं. ज्यांची घरं बुडाली त्यांना हे सोपं गेलं नाही. पण त्याच पाण्यावर भिगवणला मच्छीची हॉटेलं उभी राहिली, आणि आता पुणे-सोलापूर रस्त्यावर गाड्या थांबवून लोक "अस्सल पारंपरिक चव" म्हणून चिलापी खातात. ही चिलापी मूळची आफ्रिकेची आणि भिगवणची ही परंपरा वयाने आमच्याहून लहान. आम्हीही बोटं चाटून खातो, परंपरेला नावं ठेवत नाही.

तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मुक्काम करत जाते. पूर्वी वारकऱ्यांसाठी घराघरातून भाकरी गोळा व्हायची: कुणाची जाड, कुणाची पापुद्र्याची, कुणाची करपलेली, सगळ्या एकाच टोपल्यात. आता मंडप पडतो, आचारी येतो आणि सगळ्यांना एकसारखं गरम जेवण मिळतं. दमलेल्या वारकऱ्याला विचाराल तर तो आचाऱ्याच्या बाजूने बोलेल.

कृती तेव्हा कुणी लिहीत नव्हतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचं माप शिकवलं ते शहाण्या घरांना. आमच्याकडे "अंदाजानं" हे एकच माप. आता मोबाइलवर शेंगोळ्यांची कृती दोन मिनिटांत मिळते, मापासकट.

या सगळ्या आठवणी जेवणाऱ्यांच्या आहेत, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. धुराने डोळे चोळत थापणारी सगळ्यांत शेवटी बसायची आणि तळाशी उरलेलं खायची. तिला विचारलं तर ती गॅसच्या शेगडीला नमस्कार करेल. तेव्हा तुमच्या घरात शेंगोळे वळता येणारी कुणी असेल, तर तिच्याकडून अंदाज शिकून घ्या. आणि झालेल्या शेंगोळ्यांचं पहिलं ताट तिला वाढा.