पंखांचा ढीग

तीन आठवड्यांच्या प्रवासानंतर कुलूप उघडून आम्ही घरात पाऊल टाकले तेव्हा पायाखाली काहीतरी चुरचुरले. दिवा लावला. फरशीवर, आणि बंद खिडकीच्या कट्ट्यावर तर बोटभर जाडीचा, पारदर्शक पंखांचा थर साचला होता. पंख पुष्कळ, पण ते ज्यांचे होते ते कीटक मोजकेच. तपकिरी रंगाचे, तांदळाच्या दाण्याएवढे, बिनपंखांचे जीव जोडीजोडीने फरशीवरून चालले होते. पुढचा थांबला की मागचा थांबे, पुढचा वळला की मागचा वळे. आमच्यापैकी एकीने त्यांना मुंग्या ठरवले आणि दुसऱ्याने केरसुणी आणली. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातल्या उडणाऱ्या मुंगीवर दरवर्षी तासभर बोलतो. घरात खरोखरच काही उडून गेले होते, आणि ते काय होते हे आम्हांला ओळखता आले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी ते पंख चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘ही पाखरं हो, वाळवीची. बाहेरून नाही आली. तुमच्याच घरातून निघालीत.’’ खिडकी बंद होती हे तेव्हा आमच्या लक्षात आले. पाखरे उजेडाच्या ओढीने काचेवर येऊन आपटली होती. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, आमच्या साताऱ्यातही लवकर आला, आणि वाळवीने आपला मुहूर्त त्याप्रमाणे अलीकडे ओढला. आमचे परतीचे आरक्षण मात्र जूनच्या पहिल्या आठवड्याचेच राहिले.

पुढे आम्ही वाचले ते असे. वाळवी ही मुंगी नव्हे. आता तर तिला झुरळांच्या गणात घालतात. मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची नसते. मुंगीच्या पंखांची पुढची जोडी मोठी, वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे. पहिल्या पावसानंतर नर-मादी उडतात, खाली उतरतात, पंख गाळतात, आणि नर मादीच्या मागोमाग नव्या बिळाच्या शोधात निघतो. म्हणजे ज्यांना आम्ही केरसुणीने लोटले त्या वराती होत्या. आपल्याकडची वारूळ करणारी वाळवी चावलेले लाकूड आणि कागद बुरशीच्या बागेला घालते आणि त्या बागेवर जगते. गोव्यात पावसाळ्यात चवीने खाल्ली जाणारी ओल्मी त्याच बुरशीची छत्री. वाल्मीकींच्या अंगावर वारूळ चढले ही कथा आम्ही वर्गात तपश्चर्येचे रूपक म्हणून सांगत आलो. त्या वारुळातल्या बागेला खायला काय मिळत होते, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही आणि आम्हांलाही सुचला नाही.

मागच्या खोलीच्या चौकटीपासून निघालेली मातीची बारीक नळी भिंतीवरून सरळ पुस्तकांच्या कपाटात शिरली होती. खालच्या फळीवर चौदा वह्या होत्या.

त्या आमच्या नव्हत्या. आमच्या गुरुजींनी जावळी आणि पाटण भागातल्या बायकांकडून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांत होत्या. गुरुजी गेल्यावर, २०१६ साली, काकूंनी त्या आमच्या हाती दिल्या. ‘‘तुम्ही दोघं टंकून काढाल म्हणून देते,’’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या. आम्ही होकार दिला. पहिल्या वहीची वीस पाने टंकलीही. मग परीक्षा, मूल्यांकन, आजारपणे, एक चर्चासत्र, दुसरे चर्चासत्र.

वाळवीची रीत अशी की वरचे पुठ्ठे ती सहसा शाबूत ठेवते. रांगेत उभ्या चौदा वह्या पाहून आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पाचवी वही उचलली तर ती वजनाला नव्हतीच. आत माती होती. सहा वह्या अशा गेल्या, दोन अर्ध्या गेल्या.

ओव्या इतरत्रही आहेत, असे आम्ही त्या रात्री एकमेकांना सांगितले. साने गुरुजींचे ‘स्त्री जीवन’ आहे. सरोजिनी बाबरांचे काम आहे. गी पॉयत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने तर लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पण हे सांत्वन आमचे आम्हांलाच पटेना. पाठभेद म्हणजे काय ते आम्ही मुलांना शिकवतो. एका गावच्या बाईने एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द का घातला, यावर गुरुजी समासात बारीक अक्षरात लिहीत. ते समास दुसऱ्या कोणत्याही संग्रहात नाहीत.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच प्रवासात कौसानीला सुमित्रानंदन पंतांचे जन्मघर आम्ही पाहिले. ते संग्रहालय म्हणून राखले आहे. बाहेर पडताना आम्ही म्हणालो होतो, आपल्याकडे असे कुणी जपत नाही.

काकूंना फोनवर सांगणे बरे दिसले नसते. उरलेल्या वह्या पिशवीत घालून आम्ही गेलो. चहा झाला. मग आमच्यापैकी जिला बोलता आले तिने सांगितले. काकू बराच वेळ पिशवीकडे पाहत राहिल्या.

‘‘नऊ वर्षं झाली ना हो?’’

‘‘हो काकू.’’

‘‘माझ्याकडे माळ्यावर होत्या तेव्हा मी दर दिवाळीला वेखंड बदलत असे. तुम्हांला सांगायचं राहिलं.’’

दोष स्वतःकडे घेण्याची ही त्यांची रीत आम्हांला त्यांच्या रागापेक्षा जड गेली. आम्ही काहीतरी पुटपुटलो. उरलेल्या वह्यांच्या पानापानाचे छायाचित्र काढून ठेवले आहे, हेही सांगितले. खरोखरच दोन रात्रींत ते काम झाले होते. दोन रात्रींचेच होते.

काकूंनी चष्मा लावला आणि अर्धी खाल्लेली सातवी वही उघडली. ओळींची डावी बाजू गेलेली, उजवी शिल्लक. बोट ठेवून त्या हळूहळू वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या.

‘‘हे यांनी चुकीचं उतरलंय. मी होते तिथं, चुलीपाशी. ती बाई असं म्हणाली नव्हती.’’

मग त्यांनी आमच्याकडे पेन्सिल मागितली.