वडिलांसाठी आरंभलेला राजवाडा

चीनमधील शिआन शहराचे नाव निघाले की मातीच्या सैनिकांची ती विख्यात फौज डोळ्यांसमोर उभी राहते. मात्र वयोवृद्ध वाचकांना आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांना मी याच शहरातील दुसरे स्थळ आवर्जून सुचवीन, ते म्हणजे तांग सम्राटांचा दामिंग राजवाडा. त्याच्या पायाशीच वार्धक्याची आणि आजारपणाची कथा आहे.

सातव्या शतकात या नगरीला छांगआन म्हणत. सम्राट ताइझोंग याने ६२६ मध्ये सख्ख्या भावांना ठार करून सत्ता मिळवली आणि वडील गाओझू यांना सिंहासन सोडावे लागले. पुढे ६३४ मध्ये, वडिलांना उन्हाळ्यात थंडावा लाभावा म्हणून, त्याने नगराच्या उत्तरेकडील उंचवट्यावर हा राजवाडा बांधावयास घेतला. पुढच्याच वर्षी वडील निवर्तले. मुलाने त्यांच्यासाठी आरंभलेल्या वास्तूत त्यांचे पाऊल पडलेच नाही. काम थांबले.

ते जोमाने पुन्हा सुरू केले नातू गाओझोंग याने, ६६२ मध्ये. त्याला डोकेदुखी आणि भोवळ यांचा त्रास होता. दृष्टीही मंदावली होती. जुना राजवाडा सखल व दमट जागी असल्याने त्याला तो सोसवेना. ६६३ मध्ये तो उंचावरील कोरड्या, मोकळ्या जागेत राहावयास आला. राज्यकारभार बराचसा पत्नी वू हिने सांभाळला. पुढे ती स्वतःच्या नावाने चीनवर राज्य करणारी एकमेव स्त्री ठरली. तेराशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान करण्याचा मोह मी टाळतो. पण आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वरचेवर डोके दुखण्याची वा भोवळीची तक्रार असेल, तर ती ‘वयाचा दोष’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तदाब तपासून घ्या. आणि एकाएकी दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळू लागले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

नवव्या शतकाच्या अखेरच्या बंडाळ्यांत हा राजवाडा जळाला. १९५७ पासून पुरातत्त्वज्ञांनी त्याचे अवशेष उकरून काढले. २०१० मध्ये येथे वारसा उद्यान खुले झाले आणि २०१४ मध्ये रेशीम मार्गावरील स्थळांच्या समूहातून त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

शिआन रेल्वेस्थानकाच्या उत्तरेलाच दानफेंग दरवाजा आहे. पाच वाटांच्या या प्रवेशद्वाराचे मूळ मातीचे अवशेष आत जपले असून त्यांच्यावर मातकट रंगाची नवी वास्तू उभारली आहे. तेथून हानयुआन या मुख्य दरबारगृहाचा चौथरा सुमारे सहाशे मीटर अंतरावर आहे. मधले पटांगण उघडे, सावलीविना आहे. चौथरा विटांनी मढवून सावरला आहे. लाकडी महाल मात्र पुन्हा उभारलेला नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तो खालूनच पाहावा. पायऱ्या उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा अधिक ताण येतो, हे लक्षात असू द्या. उद्यान तीन चौरस किलोमीटरहून मोठे आहे. ते सगळे पायी पाहण्याचा हट्ट धरू नये. बॅटरीवर चालणारी गाडी वा चाकाची खुर्ची मिळेल का, याची चौकशी आधीच करावी.

संग्रहालयात कमळाची नक्षी असलेल्या विटा आणि कौलांची टोके पाहावयास मिळतात. कमळ पाहून मराठी माणूस क्षणभर थबकतो. सातव्या शतकातच ह्युएनत्संग महाराष्ट्रात पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला आणि ६४५ मध्ये छांगआनला परतला. पुढे तो येथील ज्या विहारात ग्रंथ भाषांतरित करीत बसे, तो विहार याच गाओझोंगने युवराज असताना, ६४८ मध्ये, दिवंगत आईच्या स्मरणार्थ उभारला होता. आजोबांसाठीचा महाल त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाला आणि आईसाठीचा विहारही तिच्या पश्चातच उभा राहिला.

म्हणून, आई-वडिलांना कोठे न्यावयाचे मनात असेल तर ते ‘पुढच्या वर्षी’वर ढकलू नका. शिआनसाठी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरचा उत्तरार्ध बरा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेथे राष्ट्रीय सुटीची गर्दी असते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा आणि सोबत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी असू द्या. दिवसाला एकच स्थळ पाहा आणि दुपारी विश्रांती घ्या. तेथल्या शेवयांच्या रश्श्यात मीठ बरेच असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी शेवया खाव्यात, रस्सा वाडग्यातच ठेवावा.