सरदारांचे किताब

दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतली मुले मातीचा किल्ला करतात. यंदा किल्ल्यावर लढाईही ठरली. पुठ्ठ्याच्या ढाली आल्या, फेट्यांसाठी घरोघरच्या ओढण्या गेल्या, आणि कोणाला कोणता किताब यावरून दोन दिवस भांडण चालले.

एका संध्याकाळी आमचा धाकटा तोंड पाडून घरी आला. "मला खान केलंय. मागच्या वर्षीही मीच होतो. खान शेवटी मरतोच."

आम्ही दोघे काही बोललो नाही. मुलांच्या मनात काही नसेलही. पण सलग दोन वर्षे तोच का, हे आम्हांला कळत होते. जाऊन बोलावे तर पोरांच्या खेळात मोठी माणसे शिरली असे व्हायचे. थोरली म्हणाली, "अब्बा, भांडू नका. त्याला चांगला किताब शोधून द्या."

जेवणे झाल्यावर तेच काम काढले. पहिल्यांदा अर्थातच हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांचा 'सैफुल्लाह' आठवला. धाकटा उडालाच. पण दादींनी मान हलवली. "ते किताब खेळण्याचे नाहीत, बेटा." मग त्यांनी 'अबू तुराब'ची गोष्ट सांगितली. हजरत अली (रजि.) मशिदीत जमिनीवर निजले होते, अंगाला माती लागली होती, प्रेषितांनी (स.) मायेने हाक मारली, "मातीवाल्या, ऊठ." हजरत अलींना दुसऱ्या कुठल्या नावापेक्षा हेच प्यारे होते. वाईट नावाने हाक मारू नका, हे सूरह हुजुरातमध्ये आहेच, हेही दादींनी जाता जाता ऐकवले.

मग शिवकाळाकडे वळलो. कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' आणि हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव' हे किताब मिळाले, ते इतके रुजले की मूळ नावे मागे पडली. 'सरनोबत' हा शब्द तर फारसीच. महाराजांच्या पायदळाचे सुरुवातीचे सरनोबत नूरखान बेग, आरमारात दौलतखान. प्रतापगडच्या भेटीत महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता आणि खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर. हे ऐकून धाकटा उठूनच बसला. "मग हे शाळेत का नाही सांगत?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने 'दर्यासारंग' मागितला. तो मिळाला नाही. ज्याच्या घरी होडी आहे त्या मुलाने तो आधीच घेतला होता. धाकटा सरनोबत झाला. खान व्हायला मात्र कोणीच तयार होईना. शेवटी ठरले की शत्रू फिरंगी. आपल्या डहाणूचा खाडीकाठचा किल्ला पोर्तुगीजांचाच होता, तो मराठ्यांनी 1739 साली घेतला.

नूरखान बेग 1739 मध्ये कुठून आले, असे थोरलीने विचारून पाहिले. कोणी ऐकले नाही. फिरंगी व्हायलाही कोणी राजी नव्हते, म्हणून चिकूच्या वाडीतले बुजगावणे आणून त्याला टोपी घातली.