झाडांच्या राशी आणि लाटूनचे झुडूप

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगणा आहे. लिमरिकहून एनिसकडे जाताना लाटून येथे हमरस्त्याच्या कडेला हॉथॉर्नचे एक काटेरी झुडूप राखलेले दिसते. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते. परीच्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, अशी तिकडच्या शेतकऱ्यांची जुनी समजूत. १९९९ साली ते नव्या रस्त्याच्या आड आले, तेव्हा लोककथा सांगणारे एडी लेनिहन यांनी आवाज उठवला आणि झुडूप वाचले. २००२ साली कुणी त्याच्या फांद्या तोडल्या. पण बुंधा पुन्हा फुटला.

जन्मतारखेवरून कुणाला ओक, कुणाला हरिण देणाऱ्या केल्टिक राशी मात्र प्राचीन नव्हेत. तेरा झाडांचे वर्ष रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने १९४८ च्या पुस्तकात मांडले. प्राणी मागाहून जोडले गेले. जुनी आहे ती ओघम लिपी. दगडाच्या कडेवर रेघा कोरलेले असे सुमारे ४०० लेख उरले आहेत. केरी परगण्यात ते पुष्कळ आढळतात. तिच्या काही अक्षरांना बर्च, ओक अशा झाडांची नावे आहेत.

ग्रेव्हजच्या तेरांत अ‍ॅशही आहे. बाहेरून आणलेल्या रोपांवर २०१२ साली तिथे बुरशीचा मररोग आढळला, आणि मग तो देशभर पसरला. राशीने त्याला वाचवले नाही.

आपल्याकडेही रोहिणीला जांभूळ, पुष्याला पिंपळ असे नक्षत्रवृक्ष आहेत. आपापल्या नक्षत्राचे झाड बांधावर जरूर लावावे. रोप मात्र निरोगी पाहूनच आणावे.