टोचणी

आपल्या भाषेत टोचणी दोन प्रकारची असते. एक सुईची, दुसरी मनाची. सुईची दंडाला लागते आणि दोन दिवसांत विसरते. मनाची कुठे लागते ते दाखवता येत नाही, आणि तिच्यावर शेकही चालत नाही. गेल्या वर्षी पहिली टाळण्याच्या नादात मी दुसरी पदरात घेतली, त्याची ही हकीकत.

आमची छकुली तेव्हा दीड वर्षाची होती. नवव्या महिन्याची गोवराची लस तिने वेळेवर घेतली होती. दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान घ्यायची. डॉक्टरबाईंनी कार्डावर तारीखही घालून दिली होती. ती तारीख आली आणि गेली. कधी छकुलीला सर्दी होती, कधी माझ्या ऑफिसात ऑडिट होते, कधी पाऊस होता. पुण्याचा पाऊस इतका माझ्या उपयोगी यापूर्वी कधी पडला नव्हता.

"सर्दी गेली ना आता?" हिने एकदा विचारले.

"पुरती जाऊ दे," मी म्हणालो.

खरे कारण निराळे होते. मोबाइलवर कुणीतरी एक मजकूर धाडला होता. बोलतेचालते मूल, तिहेरी लस, आणि मग कायमचे मौन. असला मजकूर एरवी मी हसून पुसून टाकतो. पण साताऱ्याच्या ताईचा मुलगा, माझा भाचा, स्वमग्न आहे. "पंधराव्या महिन्यात ते इंजेक्शन दिलं, अन् पोराची वाचा गेली," असे ताईच्या सासूबाईंना हलक्या आवाजात सांगताना मी स्वतः ऐकले होते. तेव्हा मी अविवाहित होतो. ते वाक्य मनात कुठेतरी पडून राहिले आणि मी बाप झाल्यावर उठून बसले.

रात्री निजानीज झाली की मी वाचीत बसे. भीतीचा उगम सापडायला वेळ लागला नाही. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. त्यात मुले होती अवघी बारा. पुढे उघडकीस आले, की लस तयार करणाऱ्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळाले होते. २०१० साली 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला, आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. उलट डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली सांगण्यात आले, की लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळत नाही. ज्यांच्या भावंडांत ती आहे, त्यांच्यातही नाही.

एका पारड्यात बारा, दुसऱ्यात साडेसहा लाख. डोके झटकन दुसऱ्या पारड्यात जाऊन बसले. पण बापाचे काळीज तराजूत बसत नाही.

शेवटी मी एकटाच डॉक्टरबाईंकडे गेलो. वाटले होते, रागावतील. त्या रागावल्या नाहीत.

"मुलं बोलू लागतात त्याच वयात आपण ही लस देतो," त्या म्हणाल्या. "आणि जे मूल बोलत नाही, ते त्याच वयात लक्षात येतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. कावळा सगळ्यांना दिसतो. फांदी आधीच कशी होती, ते कुणी पाहिलेलं नसतं."

"म्हणजे लशीनं कधी काही होतच नाही?"

"होतं की. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं. जपानने तर १९९३ साली तिहेरी लस बंदच केली. तिच्यातल्या गालगुंडाच्या लशीनं काही मुलांच्या मेंदूच्या आवरणाला सूज येत होती. खरा दोष होता, तो सापडला. पण लस थांबल्यावर योकोहामात पाहिलं, तर स्वमग्नतेचं प्रमाण उतरलं नव्हतं, चढतच होतं."

मी घरी आलो. आईला सारे सांगितले. तिच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन वण आहेत. १९७५ नंतर आपल्या देशात देवी राहिल्या नाहीत, वण तेवढे राहिले. आईचा धाकटा भाऊ गोवराने गेला, तेव्हा त्यावर लस नव्हती. "आम्हाला निवडायला काही नव्हतंच रे," एवढेच ती म्हणाली आणि वाती वळू लागली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीकडे गोवराची साथ आली आणि मुले दगावली, हे मी वाचले होते. तरीही कार्ड कपाटातच राहिले.

भाऊबीजेला आम्ही साताऱ्याला गेलो. भाचा आता पंधरा वर्षांचा आहे. अंगणाच्या कठड्यावर तो रिकाम्या पणत्या मांडीत होता, दोन पणत्यांत बरोबर एक वीत. फटाक्यांचा आवाज त्याला सोसत नाही, म्हणून ताईच्या घरी ते आणीत नाहीत. छकुलीने मधलीच एक पणती उचलली. त्याने ती तिच्या हातून हलकेच काढून जागेवर ठेवली. तिने पुन्हा उचलली, त्याने पुन्हा ठेवली. दोघांनाही या खेळाचा कंटाळा येईना.

ओवाळून झाल्यावर ताईने विचारले, "हिची दुसरी लस झाली का रे?" नणंदभावजयींचे आधीच बोलणे झालेले दिसले. मी सर्दीपासून सुरुवात केली. ताईने तबक खाली ठेवले.

"तुला भीती कशाची वाटते? गोवराची नाही वाटत. ती माझ्या मुलासारखी होईल, याची वाटते ना?"

मी खाली पाहिले. कपाळावरचे कुंकू अजून ओले होते.

"मीही ती तारीख किती वर्षं उराशी धरून होते," ती म्हणाली. "मग एकदा त्याच्या पहिल्या वाढदिवसाचं चित्रण पुन्हा पाहिलं. सगळे त्याला नावानं हाका मारतायत, आणि तो मेणबत्तीवरून नजर काढत नाही. एकदाही नाही. तिहेरी लस त्यानंतर तीन महिन्यांनी दिली. तो आधीपासूनच असा होता रे, आम्ही उशिरा पाहिलं. मला कुठेतरी खापर फोडायचं होतं, ते लशीवर फोडलं. लस नसती, तर स्वतःच्या डोक्यावर फोडलं असतं."

बाहेर भाचा पणत्यांत तेल घालू लागला होता. एक थेंब सांडला नाही.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी छकुलीला लस दिली. ती रडली आणि रिक्षात बसेपर्यंत विसरली. आठव्या दिवशी अंग तापले, तेही डॉक्टरबाईंनी आधी सांगूनच ठेवले होते. खोटे कशाला बोलू? त्या रात्री मी निजलो नाही. सकाळी ती उठली, खिडकीकडे बोट करून म्हणाली, "काऊ!" मी वळून पाहिले. कावळा होता, फांदीही शाबूत होती.

तिच्या दंडावरची टोचणी आता शोधूनही सापडत नाही. माझी आहे. ताईच्या त्या प्रश्नाला उत्तर मी अजून दिलेले नाही. यंदा भाऊबीजेला जाताना पणत्या आम्ही नेणार आहोत, दोन डझन, सगळ्या एकाच मापाच्या.