नवं लोणचं आणि मुंबईचा संघ

मैत्रिणींनो, नवरात्र सरलं की आम्हा डोंबिवलीकर क्रिकेटवेड्यांना रणजीचे वेध लागतात. पण हल्ली आशेबरोबर धाकधूकही असते बरं का!

२०१५-१६ नंतर करंडक परत यायला २०२३-२४ उजाडलं. पुढच्याच मोसमात विदर्भाने नागपुरात उपांत्य फेरीतच गाडी अडवली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अजिंक्य रहाणेने कप्तानपद सोडलं आणि धुरा पालघरच्या शार्दूल ठाकूरकडे आली. जुन्या बरणीचा तळ दिसू लागावा आणि नवं लोणचं अजून मुरलेलं नसावं, तशी ही गत. कोवळी पोरं एका डावात शतक ठोकतात, दुसऱ्यात भोपळा!

अशा वेळी मला आपला कल्याणचा तुषार देशपांडे आठवतो. खरा गोलंदाज; पण फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने १२३ धावा काढल्या. दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनचंही शतक, आणि दोघांची भागी २३२ धावांची! कुणी अपेक्षा केली होती?

म्हणून म्हणते, नव्या पोरांना दोन-तीन मोसम द्यावेत. सारखं झाकण उघडून पाहिलं, तर लोणचं मुरायचं कधी?