अडखळणारी अक्षरे

त्या रविवारी मुलांच्या मिस्सेतील पहिले वाचन आम्ही एका अकरा वर्षांच्या मुलाकडे सोपविले होते. मुलगा तल्लख, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याचा हात सर्वांत आधी वर. आयत्या वेळी आम्ही वाचन बदलले आणि पुस्तकातील फीत दुसऱ्या पानावर ठेवली. मुलाने वाचनमंचावर उभे राहून पानावर नजर खिळविली आणि आदल्या दिवशी दिलेले जुनेच वाचन खणखणीत आवाजात शेवटपर्यंत म्हटले! चर्चमध्ये हशा पिकला. मिस्सेनंतर आम्ही त्याला फैलावर घेतले. ‘समोरचे पानही न बघण्याइतका आळस?’ तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात आली. म्हणाली, “फादर, तो आळशी नाही. त्याला वाचता येत नाही. बहिणीकडून चारदा वाचून घेऊन त्याने सारे पाठ केले होते.”

पंचवीस वर्षे आम्ही मुलांना वेदीसमोर वाचायला उभे करीत आलो. वाचायचा कंटाळा आणि वाचता न येणे यांतला भेद मात्र आम्हांस त्या माउलीने शिकविला. वास्तविक आम्हांस तो कळायला हवा होता. सेमिनरीत ग्रीक शिकताना पहिले काही दिवस ती अक्षरे आमच्याही डोळ्यांपुढे नुसती नाचत होती. आमची ती अवस्था महिन्याभरात सरली. या मुलाची पाच वर्षे सरली नव्हती.

मायलेकांसोबत आम्ही मुंबईतील एका रुग्णालयाच्या वाचोपचार विभागात गेलो. डॉक्टर जीभ तपासतील, एखादे टॉनिक लिहून देतील, अशी आमची भाबडी समजूत. घडले वेगळेच. वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी बराच वेळ आईचेच ऐकून घेतले. बाळंतपण कसे झाले, मूल पहिला शब्द केव्हा बोलले, कान फुटला होता का, घरात आणखी कोणाला वाचनाचा त्रास आहे का? तेव्हा आईने सांगितले, की मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत फारसे बोललाच नव्हता आणि त्याच्या वडिलांनी शाळा सातवीत सोडली होती, ती याच कारणाने.

मग श्रवण चाचणी झाली. चित्र पाहून गोष्ट सांगणे झाले. आवाजांचे खेळ झाले. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘पान’मधल्या ‘प’च्या जागी ‘क’ घातला तर काय होते? बोलण्यात चलाख असलेला मुलगा येथे गोंधळला. पुढे मानसशास्त्रज्ञांनी बुद्धिमापन केले, विशेष शिक्षिकेने वाचन-लेखन तपासले. निष्कर्ष निघाला: कान उत्तम, बुद्धी उत्तम, अडचण डिस्लेक्सियाची.

बाईंनी आम्हांस समजेल अशा शब्दांत उलगडून सांगितले. वाचेचा दोष म्हणजे ‘र’च्या जागी ‘ल’ येणे किंवा तोतरे बोलणे. भाषेचा दोष म्हणजे ऐकलेले नीट न उमगणे, वाक्य न जुळणे. डिस्लेक्सियात आवाज आणि अक्षर यांची सांगड बसत नाही. ही तिन्ही भावंडे कधी एकत्र येतात, कधी एकेकटी. म्हणून दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत बसू नये. आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.

ही व्याधी आजकालची नव्हे. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिगत लिहिली. सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचेच मत होते. ते वाचून आम्हांस आमच्या हशा पिकलेल्या मिस्सेची आठवण झाली.

उपचारात औषध नाही. आठवड्यातून एकदा पाऊण तास बाईंकडे आणि रोज पंधरा मिनिटे घरी. आधी आवाज, मग अक्षर, मग शब्द. परातीत तांदूळ पसरून त्यात बोटाने ‘घ’ आणि ‘ध’ गिरवायचा. हात, डोळा, कान व जीभ यांना एकाच वेळी कामाला लावायचे. आपल्या देवनागरीचीही काही कोडी आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र नंतर. ‘सूर्य’मधला रफार बसतो ‘य’च्या डोक्यावर, पण बोलायचा ‘य’च्या आधी. आपण हे कधी शिकलो ते आपल्याला आठवतही नाही. त्या मुलाला प्रत्येक पायरी दाखवावी लागते.

आईने भीत भीत विचारले, “आम्ही घरी सामवेदी बोलतो. बंद करू का?” बाई म्हणाल्या, “मुळीच नको. ज्या भाषेत तुम्ही त्याला मनापासून गोष्ट सांगता, तीच त्याच्या भाषेचा पाया.” वसईत इंग्रजी माध्यमापायी कित्येक घरांनी आपली बोली मुलांपासून लपविली आहे. त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे, की डिस्लेक्सिया पुरता बरा होत नाही. मूल वाचू लागते, पण हळू. शुद्धलेखन बहुधा कच्चेच राहते. दोन महिने प्रगती दिसते, मग महिनाभर काहीच नाही. त्या महिन्यात पुष्कळ पालक उपचार सोडतात. शासनमान्य रुग्णालयाचा दाखला असल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. महाराष्ट्रात त्या 1996 पासून आहेत आणि 2016 च्या कायद्याने अशा मुलांचा हक्क देशभर मान्य केला आहे. दाखला घेण्यात कमीपणा नाही. शेजारी काय म्हणतील, या धाकाने तो न घेणे ही मात्र मुलाची हानी आहे.

आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, “असू दे, फादर.” दोन वर्षांनी त्याने स्वतःहून वाचन मागितले. आम्ही पंधरा दिवस आधी मोठ्या अक्षरांत लिहून दिले आणि या खेपेस ते बदलले नाही. मध्यावर एका जोडाक्षरापाशी तो थांबला. शब्दाखाली बोट ठेवले. चर्चमध्ये कोणी हसले नाही. सारी मंडळी त्याच्यासाठी थांबली. मग त्याने तो शब्द उच्चारला आणि पुढे वाचू लागला.

मोशेनेही आपली जीभ जड असल्याचे देवाला सांगितले होते. देवाने त्याचे काम काढून घेतले नाही. सोबतीला अहरोन दिला. आपल्या धर्मग्रामात असे मूल असेल, तर त्याचा अहरोन होण्यास आपल्यापैकी कोणी तरी पुढे यावे. रोजची पंधरा मिनिटे पुरतात.